छत्तीस फोटोंचं सिव्हिल लाइन्स

सिव्हिल लाइन्स नावाचा भाग उत्तर आणि मध्य भारतातल्या कितीतरी शहरांत सापडतो. नागपुरात आहे, प्रयागराजमध्ये आहे, दिल्लीत आहे. इंग्रजांच्या काळात लष्कराची वस्ती वेगळी आणि कलेक्टर, न्यायाधीश, इंजिनिअर अशा मुलकी साहेबांची वस्ती वेगळी असे. ही दुसरी वस्ती म्हणजे सिव्हिल लाइन्स. रुंद रस्ते, मोठ्ठी आवारं, मध्ये बसकी बंगली आणि भोवती चिंच, कडुनिंब, आंबा. जबलपूरचं सिव्हिल लाइन्सही असंच. स्टेशनातून बाहेर पडून या बाजूला वळलं की शहराचा आवाज थोडा खाली येतो.

पर्यटक इथे सहसा थांबत नाहीत. त्यांना भेडाघाट गाठायचा असतो, नाहीतर कान्हाच्या जंगलाची गाडी पकडायची असते. पण जुनं शहर पायी बघायची आवड असेल, तर एक सकाळ इथे जरूर काढा. आणि घरात कुठे कपाटाच्या वरच्या फळीवर जुना रोलचा कॅमेरा पडून असेल, तर तो बरोबर आणा. मी या फेब्रुवारीत तेच केलं.

कोर्टाबरोबर आलेली माणसं

जबलपूर आणि मराठी माणूस हे नातं जुनं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. पुढे जबलपूर मध्य प्रांतात गेलं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. रेल्वेनंही दोन टोकं इथेच जोडली. अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचला, मुंबईकडून येणारा १८७० मध्ये. त्यानंतर मुंबई ते कोलकाता हा प्रवास सलग आगगाडीनं होऊ लागला.

माझे आजोबा आले ते १९५६ साली. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून वेगळा झाला आणि नव्या मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला बसलं. तोवर ते नागपूरला होतं. न्यायाधीश आले, फायली आल्या, कपाटं आली आणि त्यांच्याबरोबर कारकूनही आले. आजोबा त्यांतलेच एक. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. दोन-चार वर्षांत परत नागपूरला जाऊ, असं आजी म्हणायची म्हणे. मामा अजून तिथेच राहतात.

मामा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांची मराठी नागपुरी वळणाची, मध्येच हिंदीत घुसणारी. "काय करून राहिली गं?" असं विचारतील आणि लगेच "चल, फुरसतीनं बस" म्हणतील. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला आहे. कडेचं दिसतं, पण नेमकं समोरचं धूसर होतं. ते स्वतःच हसत सांगतात, "माणसाचा चेहरा सोडून बाकी सगळं दिसतं मला."

ज्यानं चाळीस वर्षं माणसांचे चेहरे टिपले, त्याच्या वाट्याला हे यावं! आई आणि मी या वेळी जबलपूरला गेलो त्याचं कारणही हेच होतं. मामांकडे बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे भरून निगेटिव्ह आहेत. कशात कोण आहे, कुठलं लग्न, कोणाचं बारसं, हे फक्त मामांना माहीत. पाकिटांवर एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांची दृष्टी आहे तोवर हे काम उरकायला हवं होतं.

बारा फोटोंचा रोल

आमच्या घरातला पहिला कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. साठ-सत्तरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेला हा कॅमेरा वडोदऱ्यात तयार व्हायचा. एका रोलमध्ये फक्त बारा चौकोनी फोटो. बटणं जवळजवळ नाहीतच. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं आणि पोटाशी हात घट्ट धरून खटका ओढायचा. उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म तेव्हा मिळायची. हिंदुस्तान फोटो फिल्म्स या कंपनीची स्थापना १९६० सालची आणि उत्पादन १९६७ पासूनचं. आज तो कारखाना बंद आहे.

बारा फोटोंत वर्ष काढायचं, म्हणून प्रत्येक फोटोआधी घरात चर्चा व्हायची. दिवाळीचे दोन, संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाचा एक, नर्मदेवर ग्वारीघाटाला गेलो तर दोन. माझ्या आईच्या संपूर्ण बालपणाचे मिळून तीसेक फोटो आहेत. माझ्या भाचीचे एका वाढदिवसाचेच चारशे आहेत.

नंतर मामांनी पेंटॅक्स के १००० घेतला. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं जवळजवळ न बदलता बनत राहिला, यावरूनच त्याची मजबुती कळते. आत एक छोटी बटण-बॅटरी असते, तीही फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यासाठी. ती संपली तरी कॅमेरा चालतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजोळी जायची तेव्हा मामांनी मला याच कॅमेऱ्यावर शिकवलं. आधी आठ दिवस रोल न घालताच खटका दाबायला लावायचे. "आधी बघायला शिक, मग फिल्म खर्च कर."

मी नंतर बरीच वर्षं रोलवर फोटो काढले. मग डिजिटल कॅमेरा आला, मग फोन आला. आमच्या भागातली रोल धुणारी यंत्रं एकेक करून बंद झाली आणि माझंही ते सगळं मागे पडलं. कोणी मुद्दाम सोडलं असं नाही. जसा पत्र लिहायचा कागद घरातून गेला, तसंच हे.

गेलेली वस्तू परत का येते?

जगभरात फिल्मची घसरण फार वेगानं झाली. कोडॅक्रोम ही प्रसिद्ध रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद झाली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर कोणी फिल्मचं नाव काढलं तर लोक हसायचे.

आणि तरी ती परत आली. कोडॅकनं बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. २०२४ मध्ये पेंटॅक्सनं नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला. घेणाऱ्यांमध्ये विशी-पंचविशीतली मुलं बरीच आहेत. ज्यांनी लहानपणी कधी रोल पाहिलाच नाही, ती.

हौस म्हणून सोडून द्यायला हरकत नाही. पण माझ्या मते यामागे एक साधं कारण आहे. फोनवर फोटो काढला की तो लगेच बघता येतो, आणि बघितला की आपण त्या जागेवरून उठून स्क्रीनमध्ये जातो. फिल्ममध्ये बघायला काहीच नसतं. खटका दाबला, पुढे चाला. त्यामुळे तुम्ही जिथे आहात तिथेच राहता.

मराठी माणसाला तर या कलेचं अप्रूप पहिल्यापासून आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे फोटोग्राफी जगासमोर येऊन पंधरा वर्षं झाली होती तेव्हा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते. तेव्हा ही आवड परत आली तर आपल्या घरीच आली म्हणायची.

सकाळी साडेसात ते साडेनऊ

मी एकच रोल घेऊन गेले होते. कृष्णधवल, ४०० आयएसओचा, छत्तीस फोटोंचा. मामा म्हणाले, "मीपण येतो. फोकस तू कर, उजेड मी सांगतो." कडेचं दिसत असल्यामुळे सावल्या कुठे पडल्या आहेत ते त्यांना बरोबर कळतं.

फेब्रुवारीतल्या जबलपुरात सकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ सोन्यासारखा असतो. ऊन तिरपं असतं, झाडांमधून गाळून येतं आणि जुन्या विटांच्या भिंतींवर पसरतं. दहानंतर ते डोक्यावर चढतं आणि चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकून सरळ पोहे-जिलेबी खायला जावं.

आम्ही घरामागच्या गल्लीतून निघालो. पहिला फोटो एका फाटकाचा. बंगला पाडलेला आहे, आत नव्या इमारतीचे खांब उभे राहिले आहेत, पण दगडी खांबांचं फाटक आणि त्यावरची बोगनवेल अजून आहे. सिव्हिल लाइन्समध्ये असे फोटो पावलोपावली मिळतात. मोठ्या आवाराला आज सोन्याचा भाव आहे, तेव्हा हे होणारच. तक्रार करून बंगले वाचत नाहीत. जे उभं आहे ते बघून ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

पुढे चर्चची इमारत. ही एकोणिसाव्या शतकातली. मामांनी मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि म्हणाले, "थांब. सायकलवाला येईल." कॅमेऱ्यातून बघत आम्ही सहा मिनिटं थांबलो. फोनवर मी सहा सेकंदही थांबले नसते. सायकलवाला आला नाही, एक बाई दुधाची पिशवी हातात घेऊन आली. तो माझा सातवा फोटो आणि मला वाटतं, रोलमधला सगळ्यात चांगला.

मग उच्च न्यायालय. वीट आणि चुन्यात बांधलेली, मनोरे आणि कमानींची ही इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला राजा गोकुळदास यांनी उभारली. आराखडा हेन्री आयर्विन यांचा. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थान आणि म्हैसूरचा आजचा राजवाडा याच वास्तुशिल्पकाचे. कोर्टाच्या आवारात परवानगीशिवाय फोटो काढू नयेत. रस्त्यावरून मनोरे छान दिसतात. आजोबा ज्या बाजूनं आत जायचे ती बाजू मामांनी काठीनं दाखवली. आई त्या दिशेला थोडा वेळ बघत राहिली. मी तिचा पाठमोरा फोटो घेतला, मनोऱ्यासकट.

सदरच्या दिशेनं गेलं की एम्पायर टॉकीजची आठवण निघतेच. अभिनेता प्रेमनाथ जबलपूरचा. हे थिएटर पुढे त्यानं विकत घेतलं. मामा-आईंनी इथे पाहिलेल्या सिनेमांची यादी फार मोठी आहे, ती मी इथे देत नाही. लक्षात ठेवा, सदरला लागून छावणीचा भाग सुरू होतो. लष्करी हद्दीत कॅमेरा बाहेर काढू नका.

शेवटी हाऊबाग. जबलपूर ते गोंदिया अशी छोटी रेल्वे इथून निघायची. सातपुड्यातून वळसे घेत महाराष्ट्रात उतरणारी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी. जबलपूर-नैनपूर भागातली छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. वेळ वाचला, हे खरंच. पण गोंदियाकडच्या नातेवाइकांकडे जाताना खिडकीतून हात बाहेर काढून पळसाची फुलं तोडायची गोष्ट आता फक्त सांगण्यापुरती उरली.

संगमरवर आणि दीड स्टॉप

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. शहरापासून साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. नर्मदा इथे धुवांधार धबधब्यावरून उडी घेते आणि पुढे संगमरवराच्या घळीतून शांतपणे वाहते. दोन्ही बाजूंना उंच, पांढरे-करडे-पिवळसर कडे. पंचवटी घाटावरून नाव मिळते. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च हा काळ धरा. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसराचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आलं.

नावाडी यमकं जुळवत माहिती सांगतो आणि हमखास राज कपूरवर येतो. 'जिस देश में गंगा बहती है' या १९६० च्या चित्रपटाचं काही चित्रीकरण इथे झालं. त्याचं दिग्दर्शन केलं होतं राधू कर्मकार यांनी, आणि ते मूळचे राज कपूर यांचे कॅमेरामन. हा चित्रपट कृष्णधवल आहे. पांढरे कडे, काळं पाणी. रंग नसूनही डोळ्यांचं पारणं फिटतं, कारण या जागेचा मूळ स्वभावच तो आहे.

इथे एक युक्ती सांगते, ती मामांची. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. समोर पांढराशुभ्र दगड आला की त्याला वाटतं, प्रकाश फार झाला. तो प्रकाश कमी करायला सांगतो आणि संगमरवर फोटोत सिमेंटसारखा दिसतो. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश निभावून नेते, कमी प्रकाश तिला सहन होत नाही. डिजिटलमध्ये हे बरोबर उलटं असतं. तिथे पांढरं एकदा जळलं की परत येत नाही.

चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या मामांना चढवल्या नसत्या. ते खाली बसले. आई आणि मी वर गेलो. कलचुरी काळातलं, दहाव्या शतकाच्या सुमाराचं हे गोल आवाराचं मंदिर. तिथे मी पाचच फोटो घेतले. खाली आल्यावर मामांनी विचारलं, "किती उरले?" मी म्हटलं, चार. "मग आता घरी."

ते चार फोटो त्यांना घराचे हवे होते. स्वयंपाकघराची खिडकी, मागची विहीर, व्हरांड्यातली आजोबांची आरामखुर्ची, आणि दारात उभी असलेली मामी. ती पदर सावरत म्हणाली, "आता या वयात काय माझा फोटो?" मामा म्हणाले, "तू नीट उभी राहा, मी नीट बघतो." तिच्याकडे बघण्यासाठी त्यांनी मान थोडी तिरकी केली होती.

अंधारात सगळे सारखे

जबलपुरात मी तीन स्टुडिओंत विचारलं. तिघेही आता रोल धूत नाहीत. मुंबई-दिल्लीकडे कुरिअरनं पाठवता येतो, पण निकाल यायला दिवस लागतात. मामांनी कपाटातून जुनी टाकी काढली. रसायनं मी मुंबईहून आधीच मागवली होती.

कृष्णधवल रोल घरी धुणं अवघड नाही. सगळ्यात कठीण भाग एकच. काळ्याकुट्ट अंधारात फिल्म डबीतून काढून एका चक्रीवर गुंडाळायची असते. लाल दिवा चालत नाही. तो फोटोच्या कागदासाठी चालतो, या फिल्मला लाल रंगही लागतो. म्हणजे सगळं बोटांनी करायचं.

मामांनी न्हाणीघराच्या दाराच्या फटीत चादर कोंबायला सांगितली, आत स्टूलवर बसले आणि म्हणाले, "दे इकडे. इथे माझे नि तुझे डोळे सारखेच आहेत."

मी अंधारात उभी होते. फिल्म चक्रीत सरकल्याचा बारीक करकर आवाज येत होता. एकदाही अडली नाही. दोन मिनिटांत टाकीचं झाकण बसलं. गेल्या तीन वर्षांत त्यांना वाचून दाखवावं लागतं, रस्ता ओलांडून द्यावा लागतो, औषधाची बाटली ओळखून द्यावी लागते. हे काम मात्र त्यांनी एकट्यानं केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं.

बाकीचं सोपं. डेव्हलपर समभाग पाण्यात मिसळायचा, तापमान २० अंश, अकरा मिनिटं. दर मिनिटाला टाकी हळूच चार वेळा उलटसुलट करायची. मग पाण्यानं खळबळून पाच मिनिटं फिक्सर, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात. मग भरपूर पाण्यात धुवायचं. फेब्रुवारीत नळाचं पाणी जवळजवळ २० अंशांचं असतं. मे महिन्यात मामा शेजारून बर्फ मागवायचे, हे मला आठवतं. मुलांना वाटायचं सरबत होणार आहे.

टाकी उघडून ओली फिल्म उजेडात धरली तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. छत्तीस नव्हे, सदतीस फोटो होते. रोलच्या टोकाला कधीकधी एक जास्तीचा बसतो. कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यानं लटकवली आणि खाली एक चिमटा वजन म्हणून लावला.

अकरा डबे आणि एक फोन

आता खरं काम. इथे ज्या फोनला मी मघाशी नावं ठेवली, त्यानंच मदत केली.

एका टॅबवर पूर्ण पांढरं चित्र उघडलं आणि उजेड कमाल केला. त्यावर दोन बोटं उंचीवर एक दुधी काच ठेवली, म्हणजे स्क्रीनचे ठिपके फोटोत येत नाहीत. काचेवर निगेटिव्ह, वरून फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो. मग फोनमध्येच रंग उलटे केले. काळं पांढरं झालं, पांढरं काळं, आणि समोर माणसं आली. मामांना आखूड अंतरावरचा मोठा, उजळ चेहरा कडेच्या नजरेनं ओळखता येतो. फोनवर चेहरा दोन बोटांनी मोठा करून त्यांच्यासमोर धरला की ते मान तिरपी करून बघायचे आणि बोलायला लागायचे.

"ही शेजारची. हिनं तुझ्या आईला सायकल शिकवली."

"हे १९९७ च्या भूकंपानंतरचं. बघ, भिंतीला तडा." त्या वर्षी २२ मे रोजी पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला होता. मदनमहालच्या टेकडीवरची तोललेली शिळा जागची हलली नाही, आमच्या स्वयंपाकघराची भिंत मात्र फाटली. त्याआधीचं स्वयंपाकघर कसं होतं, ते फक्त या निगेटिव्हवर आहे.

मी फोनवर मामांचा आवाज ध्वनिमुद्रित करत होते आणि आई पाकिटांवर पेन्सिलीनं नावं लिहीत होती. तीन दिवसांत चार डबे झाले. काही चेहरे त्यांनाही ओळखू आले नाहीत. त्यांच्या पाकिटावर आईनं 'कोणीतरी आपलं' असं लिहिलं.

तुमच्या घरीही असं करायचं असेल तर

• जुन्या निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरून बुरशी येते. बटर पेपरच्या पाकिटात ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्यानंतर बदला.

• डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागली आहे असं समजा. ती लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचेच फोटो घेऊन ठेवा.

• निगेटिव्ह नेहमी कडेनं धरा. बोटाचा तेलकट ठसा नंतर जात नाही.

• जुना कॅमेरा वापरण्याआधी मागचं झाकण उघडून, खटका दाबून आतला पडदा उघडतो का ते बघा. बॅटरी वर्षानुवर्षं आतच राहिली असेल तर तिथला हिरवट थर साफ करून घ्या.

• रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून आज एका फोटोला सुमारे तीस ते चाळीस रुपये पडतात. म्हणून पहिला रोल घरच्या माणसांवर खर्च करा. डोंगर-नद्या थांबतात.

• विमानानं जाणार असाल तर रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हातानं तपासायची विनंती करा. चेक-इन सामानातल्या तपासणीत फिल्मवर परिणाम होऊ शकतो.

• जबलपूरला मुंबईहून थेट गाड्या आहेत. नागपूरहून रस्त्यानंही सिवनीमार्गे येता येतं, वाटेत पेंचचं जंगल लागतं. आणि परतताना कमानिया गेटजवळची खव्याची जिलेबी घ्यायला विसरू नका. रंग जवळजवळ काळा असतो, घाबरू नका.

अजून सात डबे उरले आहेत. पुढची खेप एप्रिलमध्ये, आंब्याला कैऱ्या लागतील तेव्हा. मामांनी फोनवर बजावून ठेवलं आहे की या वेळी दोन रोल आण, आणि भाचीलाही आण. तिला आधी आठ दिवस रोल न घालता खटका दाबायला लावणार आहेत म्हणे. मामीचा दारातला फोटो मात्र त्यांनी मोठा करून मागवला आहे, भिंतभर नाही, पण दोन हात लांब. तेवढ्या आकारात तिचा चेहरा त्यांना कडेनं पूर्ण दिसतो.